नळी लांब घ्यावी की आखूड?

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. त्यानंतर आमच्या सेनगावातही सोयाबीनच्या भावावरून सुरू झालेल्या गप्पा रायफलीवर जाऊन थांबू लागल्या. पोराला नेमबाजीत घालायचं म्हणणाऱ्या बापाचा पहिला प्रश्न ठरलेला: "नळी लांब घ्यावी का आखूड?" विचारणाऱ्याने तोवर जत्रेतली फुगे फोडायची बंदूक तेवढी हाताळलेली असते. तिच्या नळीवरून काही ठरवू नका. तिची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमखूण, वाकडी असते, आणि बहुधा ती मुद्दामच वाकवलेली असते.

लांब नळीतून गोळी सरळ जाते, असं आपण धरून चाललेलो असतो. ते तसं नाही. 50 मीटरच्या स्पर्धेत .22 चं काडतूस वापरतात. त्यात दारू चिमूटभर. ती जळून तिच्या वायूचा रेटा गोळीला मिळतो तो नळीच्या पहिल्या 40-45 सेंटीमीटरांत. पुढे नळी कितीही वाढवा, गोळीला जोर मिळत नाही, उलट घर्षणाने तिचा वेग किंचित कमीच होतो. आणि इथे जास्त वेग कुणाला हवाही नसतो. स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, सेकंदाला 330 मीटरच्या आसपास ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हा त्याच्या खाली येताना गोळी डळमळते.

आखूड नळीची बाजू इथून सुरू होते. एक लांब तुराटी टोकाशी धरून हलवा, मग तीच अर्धी मोडून हलवा. अर्धी तुराटी फारशी लवत नाही. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच भाराने टोक आठपट वाकतं. गोळी सुटताना पोलादी नळीही थरथरते, डोळ्यांना दिसत नाही इतकंच. आखूड आणि जाड नळी कमी थरथरते. शिवाय गोळी नळीतून लवकर बाहेर पडते. ती नळीत असते सुमारे 3 मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या तीसपटीहून जास्त वेळ लागतो, पण हात हलायला तेवढंही पुरतं.

मग चांगल्या नेमबाजांच्या रायफली एवढ्या लांब का? उत्तर नळीत नाही, नळीवर आहे. मागच्या पीप साइटच्या भोकातून पुढच्या माशीच्या कड्यात काळा गोल बसवायचा, याला शिस्त धरणं म्हणतात. या दोन साइट्समधलं अंतर जेवढं जास्त, तेवढी तुमची चूक लहान होते.

हिशेब करून बघू. शिस्त धरताना माशी वहीच्या एका पानाच्या जाडीइतकी, म्हणजे 0.1 मिलिमीटर सरकली. दोन साइट्समधलं अंतर 60 सेंटीमीटर असेल तर 50 मीटरवर गोळी 8.3 मिलिमीटर बाजूला पडेल. अंतर 80 सेंटीमीटर असेल तर 6.25 मिलिमीटर. आता टार्गेट बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत चालतो. 60 सेंटीमीटरवाल्या नेमबाजाला 9.9 मिळाले, 80 सेंटीमीटरवाल्याला 10.2. चूक दोघांची सारखीच. कुसाळेने अंतिम फेरीत 451.4 गुणांवर कांस्य घेतलं, तिथे दशांशाला काय किंमत असते ते यावरून कळावं.

या दोन्ही बाजू कारागिरांनी केव्हाच जुळवल्या आहेत. नळी बेताची ठेवायची, तिच्या तोंडाला हलकी पोकळ नळी जोडायची आणि माशी त्या जोडाच्या टोकावर बसवायची. गोळी त्या जोडाला शिवतसुद्धा नाही. 10 मीटरच्या एअर रायफलीत तर हेच चालतं: खरी नळी सुमारे 42 सेंटीमीटरची, बाकीचा नुसता जोड. म्हणून दुकानात लांब दिसणारी एअर रायफल बघून "हिची नळी लांब आहे" असं म्हणू नका. नियमही लांबी वाढू देत नाही. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंत 850 मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो. 50 मीटरच्या रायफलीला आठ किलोंची मर्यादा आहे.

दुर्बीण लावून नुसतं घरचं टार्गेट मारायचं असेल तर दोन साइट्सच्या अंतराचा मुद्दाच उरत नाही. तिथे मी डोळे झाकून आखूड, जाड नळी घेईन. स्पर्धेच्या रायफल प्रकारात मात्र दुर्बीण चालत नाही.

राहिलं वजन. लांब नळीचा भार पुढे जातो. तयार नेमबाजाला उभ्या पोझिशनमध्ये तो आवडतो, कारण जड तोंड सहज डुलत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या पोराची मात्र त्याने कंबर धरते आणि दहाव्या-पंधराव्या राउंडनंतर तो पाठ वाकडी करून भार पेलू लागतो. ही खोड नंतर सुटायला फार त्रास देते. याची परीक्षा सोपी आहे. पोराला रायफल धरून उभं करा, शिस्त धरायला सांगा, डोळे मिटून आठ-दहा सेकंद थांबू द्या. डोळे उघडल्यावर माशी खाली गेलेली असेल तर ती रायफल त्याच्यासाठी पुढून जड आहे, मग तिची किंमत कितीही असो.

.22 रायफलीला शस्त्र परवाना लागतो, त्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. 4.5 मिलिमीटर छऱ्याच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला तो लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. आणि रेंजवरच्या दोन-तीन रायफली पोराच्या खांद्याला लावून बघितल्याशिवाय कुणी एक रुपयाही मोजू नये. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाणार असाल तर पैसे घरीच ठेवून, फक्त पोराला घेऊन जा.