कमार-ताज
हिमालयात दडलेली मांत्रिकांची काल्पनिक भूमी. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांत ती डॉक्टर स्ट्रेंज या नायकाच्या वृद्ध तिबेटी गुरूची जन्मभूमी मानली आहे. स्टॅन ली व चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्या चित्रकथांतून हा नायक १९६३ मध्ये अवतरला. हात निकामी झालेला हा अमेरिकन शल्यविशारद उपचाराच्या आशेने गुरूकडे येतो आणि मंत्रविद्या शिकून न्यूयॉर्कला परततो. जेम्स हिल्टन यांच्या कादंबरीतील (१९३३) शांग्रिलाप्रमाणेच येथेही दुर्गम पर्वत पाश्चात्त्य माणसाच्या उद्धाराचे स्थान ठरतो. तेथील लोकजीवन मात्र दुय्यम राहते. २०१६ च्या चित्रपटात कमार-ताज काठमांडूत दाखविले असून तिबेटी गुरूच्या जागी केल्टिक वंशाची स्त्री योजिली आहे. आशियाई व्यक्तिरेखा अशी वगळल्याबद्दल चित्रपटावर टीका झाली.