पाण्याचा हिशेब चोख, भिंतीचा कोरा

२०२५ चा मे महिना सरता सरता बारामती-इंदापुरात पावसाने थैमान घातले आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. माळेगाव बुद्रुकपासून इंदापूरच्या टेलपर्यंत उन्हाळाभर ज्याच्या आवर्तनाची वाट पाहिली जाते, त्या कालव्याचे पाणी पालखी महामार्गावर आणि लोकांच्या घरांत शिरले. मग जे नेहमी होते ते झाले: पुढाऱ्यांच्या पाहण्या, पंचनाम्यांचे आदेश, दुरुस्तीची आश्वासने. फुटलेला भराव याआधी कधी तपासला होता आणि तपासणाऱ्याने काय शेरा मारला होता, हा प्रश्न मात्र भरपाईच्या गलबल्यात बुडाला. आता दोन तारखा जवळ येत आहेत. ज्या भाटघर धरणावर हा कालवा पोसला गेला, त्याला २०२८ साली शंभर वर्षे होतील. त्याआधी, ३० डिसेंबर २०२६ रोजी, धरण सुरक्षा कायद्याने तपासणीसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत पुरी होते. शताब्दीच्या कमानी उभ्या राहण्याआधी मागे वळून पाहायचे ते यासाठी.

सुरुवातीची वर्षे झटपट उरकता येतात, कारण ती गौरवग्रंथांत शंभरदा सांगून झाली आहेत. १८७६-७७ च्या दुष्काळाने हादरलेल्या इंग्रज सरकारने १८८५ साली डावा कालवा सुरू केला आणि भोरजवळ येळवंडी नदीवर व्हायटिंग तलाव बांधला. तो अपुरा पडू लागला, तेव्हा खालच्या अंगाला मैलाहून लांब दगडी भिंत उभी राहिली. १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले आणि आधीच्या गव्हर्नरावरून तिला लॉईड धरण हे नाव मिळाले. साठा सुमारे साडेतेवीस टीएमसी. पुढे ऊस आला, माळेगावचा सहकारी साखर कारखाना आला, साठच्या दशकात वीर धरण झाले, नंतर नीरा-देवघर आणि गुंजवणी झाली. मधे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याची ८२ वर्षांची दगडी भिंतही गेली. पण तो धडा पुण्याचा समजून नीरा खोरे बागायत वाढवण्यात रमले. या सगळ्या काळात एक सवय मात्र पक्की झाली. धरण म्हणजे आकडा. किती टीएमसी भरले, किती आवर्तने मिळणार, एवढेच.

या सवयीची खरी किंमत कळली ती २०१२ ते २०२१ या दशकात. सुरुवात झाली ७० हजार कोटी रुपये आणि ०.१ टक्का या दोन आकड्यांनी. एवढा पैसा ओतून राज्याचे सिंचनक्षेत्र एवढेसेच वाढले, असा हिशेब आर्थिक पाहणीवरून मांडला गेला. उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली, उपमुख्यमंत्री परतले. आरोप करणारे आणि ते फेटाळणारे दोघेही नव्या कामांबद्दलच भांडत होते: टेंडर कोणाला गेले, किंमत किती फुगली, कालवा कोठवर पोहोचला. जी धरणे आणि कालवे पिढ्यान्‌पिढ्या पाणी देत आले, त्यांच्या डागडुजीला किती मिळाले, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सोयीचा नव्हता. देखभालीत भूमिपूजन नसते आणि घोटाळाही लहानच असतो, त्यामुळे तिच्यासाठी ना सत्ताधारी झगडले ना विरोधक.

दशकाच्या उत्तरार्धात मग घटनाच बोलू लागल्या. २७ सप्टेंबर २०१८ ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटून जनता वसाहतीतले संसार वाहून गेले. जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांनी दोष दिला तो उंदीर, घुशी आणि खेकड्यांना. पुढच्या जूनमध्ये नीरा-देवघरचे पाणी डाव्या कालव्याला देणे बंद करण्याचा निर्णय झाला आणि बारामती-इंदापूर एका बाजूला, फलटण-माळशिरस-सांगोला दुसऱ्या बाजूला, अशी रणधुमाळी माजली. कोणाच्या हक्काचे पाणी कोणी पळवले यावर सभा गाजत होत्या, तेवढ्यात २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसे मेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांना इथेही खेकडेच सापडले. या दोन्ही दुर्घटनांतून नीरा खोऱ्याने आपल्या धरणाची, आपल्या भरावाची चौकशी करायला हवी होती. तसे झाले नाही. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये वाटपाचे सूत्र पुन्हा बदलले आणि आपल्याकडे त्यालाच विजय मानले गेले.

अशी चौकशी करा म्हटले की पहिला आक्षेप येतो तो भाटघरच्या भक्तांकडून. इंग्रजांचे काम आहे, शंभर वर्षे हललेले नाही, उगाच भीती कशाला? यात अर्धे सत्य आहे. तिवरे धरण फुटले तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते, म्हणजे वय हे एकटे कारण होऊ शकत नाही. पण उरलेले अर्धे सत्य भंडारदऱ्याला जाऊन पाहावे. तेही त्याच काळातले, १९२६ सालचे, दगडी बांधकामाचे, त्याच विल्सन यांच्या नावाचे. १९६९ मध्ये त्याला तडे गेले, गळती वाढली. लोखंडी केबल ताणून आणि मागून आधारभिंती बांधून ते सावरावे लागले. त्याच्या दोनच वर्षे आधी कोयनेच्या भूकंपाने तिथल्या धरणाला भेगा पाडून दाखवल्या होत्या. पायाखालून वर रेटणारा पाण्याचा दाब आणि भूकंपाचा धक्का यांचा जो हिशेब आज करतात, तो १९२०-३० च्या आराखड्यांत तसा नव्हता. भंडारदरा आजही उभे आहे, कारण दुखणे दिसताच त्यावर खर्च झाला. म्हातारे धरण टिकते ते तपासणीवर आणि पैशावर, बांधणाऱ्याच्या पुण्याईवर नव्हे.

दुसरा आक्षेप खात्याचा असतो: पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, नाशिकची धरण सुरक्षितता संघटना आहे, अहवाल जाहीर केले तर घबराट पसरेल. पाहणी होत असेल तर तिचा सारांश दाखवायला हरकत कसली? तिवऱ्याचे लोक अहवाल वाचून मेले नाहीत. त्यांना धोका दिसत होता आणि त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून मेले. २०१० मध्ये संसदेत आलेले धरण सुरक्षा विधेयक रखडत रखडत २०२१ च्या डिसेंबरात कायदा झाले. त्या कायद्याने प्रत्येक मोठ्या धरणाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत करायला सांगितले आहे. खालच्या गावांना ठाऊकच नसलेला आराखडा आपत्तीच्या रात्री कोणाच्या उपयोगी पडणार?

तिसरा मुद्दा अस्तरीकरणाचा. सगळा कालवा काँक्रीटचा केला की प्रश्न मिटला, असे एक बाजू म्हणते; पाझर बंद झाला तर विहिरी आटतील, असे दुसरी म्हणते. विहिरीवर बागायत करणाऱ्याची भीती खोटी नाही. पण कमजोर भराव, जुन्या मोऱ्या आणि कालव्याखालून जाणारे ओढे ही ठरावीक ठिकाणे आहेत. ती मजबूत करायला दीडशे किलोमीटरच्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. २०२५ चा पाऊस असाधारण होता हेही मान्य. मात्र असे पाऊस यापुढे वारंवार येणार असतील, तर १८८५ च्या मोऱ्यांवर भार टाकून निर्धास्त राहणे हा पावसाचा दोष ठरत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. दर हंगामात कालवा समितीची बैठक होते, आमदार-खासदार येतात, किती आवर्तने आणि कधी, यावर तासन्‌तास वाद होतो. त्याच टेबलावर भाटघर, वीर आणि डाव्या कालव्याचा शेवटचा तपासणी अहवाल, त्यातल्या त्रुटी, त्यांना लागणारा पैसा आणि रिकाम्या पदांचा आकडा ठेवला जावा. पाणीपट्टीचे दर देखभालीचा खर्च निघावा म्हणून ठरवले जातात, असे जलसंपत्ती नियमन प्राधिकरण सांगते. मग ती भरणाऱ्या बागायतदाराला हा हिशेब मागण्याचा हक्क आहे. माळेगावच्या शेतकऱ्याने वरच्या आणि खालच्या तालुक्याशी पाण्यासाठी भांडायला कधी कमी केले नाही. त्यातले निम्मे भांडण भिंतीसाठी केले, तर २०२८ ची शताब्दी साजरी करण्याचा अधिकार आपल्याला मिळेल. नाहीतर त्या समारंभात फलटणचे आणि बारामतीचे पुढारी एकाच मंचावर बसून इंग्रजांचे कौतुक करतील, आणि ते कौतुक आपल्या नालायकीची जाहीर कबुली असेल.