रंगीत पेन्सिलने गावाचे निसर्गचित्र : सुरुवात कशी करावी?



'निसर्गचित्र काढा' म्हटलं की बरीच मुलं एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. चित्र छान दिसतं, पण ते पाठ केलेलं असतं. सह्याद्री लाव्हारसाचे थरावर थर साचून तयार झाला आहे. त्यामुळे तिथले अनेक डोंगर माथ्यावर सपाट आणि उताराला पायऱ्यांसारखे दिसतात. रोज असे डोंगर बघणारं मूलसुद्धा वहीत त्रिकोणच काढतं! म्हणून आधी बघायचं, मग काढायचं.

साहित्य : चित्रकलेची वही, १२ रंगीत पेन्सिलींची पेटी, साधी पेन्सिल, खोडरबर, शार्पनर. कागद किंचित खरखरीत असावा. गुळगुळीत कागदावर रंगाचे थर नीट बसत नाहीत.

१) निरीक्षण : मुलांना १० मिनिटं बाहेर न्या आणि प्रश्न विचारा. सगळ्यात लांब काय दिसतं? घरांवर कौलं आहेत की पत्रे? बांधावर बाभूळ आहे की कडुलिंब? शेतात आत्ता कोणतं पीक उभं आहे?

२) रेखाटन : कागद आडवा धरा. क्षितिजरेषा अगदी मधोमध नको. शेत जास्त दाखवायचं असेल तर ती थोडी वर घ्या, आकाश जास्त हवं असेल तर खाली. लांबची झाडं लहान, जवळची मोठी. पायवाट जवळ रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. हात हलका ठेवा. जोरात ओढलेली रेघ खोडली तरी कागदावर खाच राहते आणि रंगवताना ती पांढरी उठून दिसते.

३) रंगकाम : नेहमी फिकटाकडून गडदाकडे जा. दाबून दिलेला गडद रंग पूर्ण खोडला जात नाही आणि त्यावर पांढरी पेन्सिलही नीट उठत नाही. म्हणून ढग, चुन्याची भिंत अशा जागी कागद कोराच सोडा. आकाश वर निळं आणि क्षितिजाकडे फिकट करत आणा. मध्ये भरपूर हवा असल्यामुळे लांबचे डोंगर निळसर, पुसट दिसतात. तिथे गडद हिरवा वापरू नका. पिकासाठी आधी पिवळा थर द्या, त्यावर हलका हिरवा. झाडाच्या सावलीकडच्या बाजूला हिरव्यावर थोडा निळा किंवा तपकिरी द्या. काळा रंग शक्यतो टाळा. ऊन कोणत्या बाजूने येतं ते आधीच ठरवा, म्हणजे सगळ्या सावल्या एकाच दिशेला पडतील.

पालकांसाठी : मुलाच्या हातातून पेन्सिल घेऊन चित्र 'नीट' करून देऊ नका. 'हे चुकलं' म्हणण्याऐवजी 'आपल्या घरामागचं झाड कसं दिसतं रे?' असं विचारा. मूल उठून खिडकीपाशी जाईल, बघेल आणि स्वतःच बदल करेल. शहरात राहत असाल तर सुट्टीत गावी गेल्यावर हा उपक्रम करा.

३० मुलांची ३० चित्रं सारखीच आली तर मुलं फक्त नक्कल शिकली असं समजावं. वाकडंतिकडं का असेना, पण चित्र बघून 'अरे, ही तर आपली पाण्याची टाकी!' असं कुणी म्हणालं, की पाठ जमला.