एजंट घरमालकाचा, बिलही त्याचेच

लंडन : मुंबई-पुण्यात भाड्याचे घर घेताना महिन्याभराचे भाडे दलालाच्या हातावर ठेवायचे, हे आपण गृहीतच धरतो. घरमालकाकडूनही तो तेवढेच घेतो हे ठाऊक असूनही कुणी हरकत घेत नाही. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला म्हणूनच दोन धक्के बसतात. पहिला भाड्याच्या आकड्याचा. दुसरा, सुखद, दलालीचा. कारण दलाली नाहीच. घर दाखवले, चौकशी केली, करार तयार केला म्हणून घरमालकाच्या एजंटाने भाडेकरूकडून एक पौंडही घ्यायचा नाही, असा कायदा इथे 1 जून 2019 पासून लागू आहे. टेनंट फीज ॲक्ट हे त्याचे नाव.

त्याआधीचे इंग्लंड काही सोवळे नव्हते. ‘ॲडमिन फी’ या एका नावाखाली वाटेल ते खपत असे. भाडेकरूची पत तपासण्याची फी, आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र मागवण्याची फी, घरातल्या सामानाची यादी करण्याची फी, घरात शिरताना एक आणि निघताना एक. वर्ष संपले की तोच करार तारीख बदलून पुन्हा छापायचा आणि नूतनीकरणाची फी लावायची. त्याच कामाचे पैसे पुष्कळदा घरमालकाकडूनही वसूल होत. 2015 मध्ये ग्राहक हक्कांचा कायदा झाला आणि एजंटांना आपले दरपत्रक कार्यालयात आणि वेबसाइटवर लावणे भाग पडले. पाट्या लागल्या. पण भाडेकरू घर निवडतो, एजंट निवडत नाही. दरपत्रक वाचून तो करणार काय? घर पसंत पडले की त्या घराचा जो कोणी एजंट असेल त्याच्यापुढे मुकाट्याने कार्ड काढायचे. अखेर नोव्हेंबर 2016 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी ही फीच बंद करण्याचे संसदेत जाहीर केले. त्याच दिवशी शेअर बाजारात लेटिंग एजंट कंपन्यांचे भाव आपटले. धंदा कशावर चालला होता ते बाजाराला बरोबर माहीत होते. (स्कॉटलंडमध्ये अशा फीला 1984 च्या कायद्यातच मनाई होती, पण शब्दांतल्या फटीतून एजंट वसुली करत राहिले आणि 2012 मध्ये सरकारला ती फट बुजवावी लागली. वेल्सनेही सप्टेंबर 2019 पासून स्वतःचा वेगळा कायदा आणला आहे. या पत्रातले तपशील इंग्लंडचे आहेत.)

कायद्याची खरी हुशारी त्याच्या मांडणीत आहे. ‘अमुक अमुक फी घेऊ नका’ अशी यादी केली असती, तर एजंटांनी आठवड्याभरात नवी नावे शोधली असती. म्हणून कायदा करणाऱ्यांनी उलटी चाल केली. कोणते पैसे घेता येतील तेवढेच लिहिले आणि यादीबाहेरचे सगळे निषिद्ध ठरवले. यादीत आहे काय? भाडे. परत करायचे डिपॉझिट. घर राखून ठेवण्यासाठीची छोटी रक्कम, म्हणजे होल्डिंग डिपॉझिट. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, कौन्सिल टॅक्स आणि टीव्हीचे लायसन्स. भाडेकरूनेच करारात बदल मागितला, उदाहरणार्थ कुत्रा पाळायची परवानगी किंवा नवा जोडीदार करारात घालणे, तर साधारण 50 पौंड. त्याहून जास्त हवे असतील तर तेवढा रास्त खर्च झाल्याचे दाखवावे लागते. मुदतीआधी घर सोडायचे असेल तर घरमालकाचे होणारे प्रत्यक्ष नुकसान. किल्ली हरवली तर किल्लीची खरी किंमत, पावतीसकट. बस. पहिल्या महिन्याचे भाडे फुगवून त्यात फी लपवायची युक्तीही कायद्याने हेरून ठेवली आहे. एका महिन्याचे भाडे नंतरच्या महिन्यांपेक्षा जास्त लावले तर वरची रक्कम निषिद्धच धरली जाते.

भाडे थकले तर? इथे मला हा कायदा जवळजवळ मिस्कील वाटतो. चौदा दिवस उलटेपर्यंत काहीच आकारता येत नाही. त्यानंतर व्याज लावता येते, तेही बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरावर फार तर तीन टक्के. मूळ दर 4 टक्के धरला आणि भाडे महिना 1,820 पौंड असेल, तर हे व्याज दिवसाला 35 पेन्सच्या आसपास पडते. पूर्वी एजंट आठवणीचे एक पत्र पाठवायचा आणि त्या पत्राचेच बिल लावायचा.

हेच 1,820 पौंडांचे घर पुढे घेऊ. हिशेबाला सोयीचे आहे. वर्षाचे भाडे 21,840 पौंड, त्याला 52 ने भागले की आठवड्याचे 420. होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या वर घेता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त 420 पौंड. ते दिल्यापासून पंधरा दिवसांत करार व्हावा अशी अपेक्षा असते. झाला तर ती रक्कम भाड्यात किंवा डिपॉझिटमध्ये वळती होते. घरमालकाने माघार घेतली तर सात दिवसांत परत. भाडेकरूने स्वतः माघार घेतली, किंवा पगाराबद्दल खोटी माहिती दिली, तर मात्र पैसे गेले. पगाराचा आकडा सजवून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुख्य डिपॉझिटला मर्यादा पाच आठवड्यांची, म्हणजे या घराला 2,100 पौंड. वर्षाचे भाडे 50,000 पौंड किंवा त्याहून अधिक असेल तरच सहा आठवडे. पाचच का? सरकारच्या मूळ मसुद्यात सहा होते. भाडेकरूंच्या बाजूने बोलणाऱ्यांना चार हवे होते. चार म्हणजे जेमतेम महिन्याचे भाडे. मग शेवटच्या महिन्यात भाडेकरू भाडे न देता ‘डिपॉझिटमधून कापून घ्या’ म्हणेल आणि मोडतोडीसाठी काहीच उरणार नाही, अशी घरमालकांची ओरड. पाच हा त्यातला तोडगा. आपल्याकडे केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घराला दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा सुचवली आहे. पण तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, बंधन नव्हे. मुंबईतले ‘हेवी डिपॉझिट’ तर इथल्या लोकांना समजावून सांगताही येत नाही.

डिपॉझिट किती, यापेक्षा ते असते कुठे, हा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटतो. 2004 च्या हाउसिंग ॲक्टने केलेली आणि 6 एप्रिल 2007 पासून चालू असलेली व्यवस्था अशी : घरमालकाने डिपॉझिट मिळाल्यापासून तीस दिवसांत ते सरकारमान्य योजनेत सुरक्षित करायचे आणि कोणत्या योजनेत, ते भाडेकरूला लेखी कळवायचे. योजना चालवणाऱ्या संस्था तीन : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. एका प्रकारात पैसे योजनेकडेच ठेवले जातात, दुसऱ्यात घरमालक ते स्वतःजवळ ठेवून विमा उतरवतो. घर सोडताना वाद झाला तर योजनेचा निवाडा अधिकारी तो फुकट सोडवतो. तो घर बघायला येत नाही, कुणाला समोर बोलावत नाही; फक्त कागद आणि फोटो वाचतो. आणि नुकसान भाडेकरूने केले हे सिद्ध करायची जबाबदारी घरमालकावर. डिपॉझिट मुळात भाडेकरूचेच पैसे आहेत, या एका गृहीतकावर ही सगळी इमारत उभी आहे.

कागदाचे महत्त्व मला लंडनच्या हॅरो भागात दिसले. ओळखीचे एक पुणेकर जोडपे घर सोडत होते. सामानाची तपासणी करणारी बाई टॅबलेट घेऊन आली. बोलणे कमी, फोटो भराभर. तिने ओव्हनचे दार उघडले, आतल्या काचेवर बोट फिरवले, शेगडीवरच्या चिमणीची जाळी खाली काढून उजेडात धरली. जाळीवर दोन वर्षांच्या फोडण्यांचा तपकिरी चिकटा होता. मग शेगडीशेजारच्या पांढऱ्या ओट्यावर ती थांबली. तिथे हळदीचा डाग होता, वाटीच्या बुडाएवढा, गोल. घासून फिका झालेला, पण गेलेला नाही. नंतर एजंटाकडून मागणी आली ती पूर्ण ओटा बदलण्याच्या खर्चाची, शिवाय व्यावसायिक सफाईच्या बिलाची. जोडप्याने योजनेकडे तक्रार नेली. घरात शिरतानाच्या यादीत ओट्यापुढे ‘चांगला’ एवढाच शब्द होता, वय नाही, जवळून घेतलेला फोटो नाही. निवाड्यात जाळी-ओव्हनच्या सफाईचे थोडे पैसे कापले गेले, ओट्याचे अगदीच नाममात्र, बाकी सगळे परत आले.

यात दोन तत्त्वे आहेत. वापराने होणारी साधी झीज भाडेकरूच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि जुन्याच्या जागी नवे मागता येत नाही. समजा 500 पौंडांचा गालिचा, आयुष्य दहा वर्षे धरलेले, आणि सहाव्या वर्षाच्या अखेरीस त्यावर इस्त्री पडली. गालिचा पार वाया गेला तरी घरमालकाचे नुकसान ढोबळ हिशेबाने 200 पौंडांचे. सफाईचेही तसेच. घर होते तेवढे स्वच्छ करून द्या, असे सांगता येते. अमुक कंपनीकडूनच सफाई करून घ्या, हे नाही. डिपॉझिटच्या वादांत सफाईच आघाडीवर असते, आणि आपली स्वयंपाकघरे त्यात सापडणे सोपे आहे.

फोडणीच्या वासावरून इथे थेट न्यायालयापर्यंत प्रकरण गेलेले आहे. केंट परगण्यात शेकडो घरांचे मालक असलेले फर्गस विल्सन यांनी, मागे ‘करी’चा वास राहतो असे कारण देऊन, भारतीय आणि पाकिस्तानी भाडेकरू नकोत असे आपल्या एजंटांना कळवले होते. समानता आणि मानवी हक्क आयोगाने खटला भरला आणि 2017 मध्ये मेडस्टोनच्या न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवून त्यांना मनाई केली. वास राहिला तर सफाईचे पैसे मागा, माणसाला दार बंद करू नका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

एवढा कायदा असूनही भारतातून नुकताच आलेला विद्यार्थी किंवा नोकरदार कुठे नाडला जातो? आगाऊ भाड्यात. त्याचा इथला पतइतिहास कोरा असतो. जामीन राहणारा माणूस ब्रिटनमध्येच राहणारा आणि कमावणारा हवा असतो. पुण्याचे वडील चालत नाहीत. मग एजंट सुचवतो, सहा महिन्यांचे भाडे एकदम भरा. भाडे हे तर परवानगी असलेल्या यादीत पहिलेच, त्यामुळे 2019 च्या कायद्याने त्याला हात लावला नाही. 1,820 च्या घराला असे 10,920 पौंड किल्ली मिळण्याआधी द्यायचे, आणि ते इथल्या कोणत्याही डिपॉझिट योजनेत सुरक्षित नसतात. ऑक्टोबर 2025 मध्ये मंजूर झालेल्या रेंटर्स राइट्स ॲक्टने ही वाट अडवली आहे : करार झाल्यावर आणि भाडेमुदत सुरू होण्याआधी एका महिन्याच्या वर भाडे घ्यायचे नाही, आणि जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा चढी बोली मागायची किंवा घ्यायचीही नाही. अंमलाची तारीख ठरली ती 1 मे 2026, म्हणजे नेमका आपला महाराष्ट्र दिन. विद्यार्थ्यांसाठीच बांधलेल्या मोठ्या खाजगी वसतिगृहांना मात्र हा कायदा बहुतांशी लागू नाही. शिवाय घरमालकांनी आगाऊ भाड्याऐवजी नवख्यांना सरळ नकारच द्यायला सुरुवात केली तर काय, ही भीती मला खरी वाटते.

दुसरी पळवाट लंडनमधल्या हाउन्सलो, वेंब्ली, ईस्ट हॅमच्या खोल्यांत आहे. घरमालक त्याच घरात राहून एक खोली भाड्याने देतो, तेव्हा फीबंदी लागू असते, पण डिपॉझिट योजनेत ठेवण्याचे बंधन नसते. आपल्या बहुतेक मुलांचे पहिले घर असेच असते, पुष्कळदा आपल्याच देशबांधवाचे, आणि व्यवहार रोखीत.

शिक्षा कागदावर कडक आहे. बेकायदा फी घेतली तर पहिल्यांदा 5,000 पौंडांपर्यंत दंड, पाच वर्षांत पुन्हा घेतली तर फौजदारी गुन्हा किंवा 30,000 पौंडांपर्यंत दंड. अंमलबजावणी स्थानिक कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स खात्याकडे. तिथे माणसे कमी आणि कामे ढीगभर. म्हणून तक्रार करणाऱ्याने आपला कागद आपणच सांभाळावा हे बरे. घेतलेली फी परत मिळवायला भाडेकरू थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, वकील लागत नाही.

इकडे येणाऱ्यांना एवढेच सांगणे. घर स्वतः किंवा भरवशाच्या माणसाने पाहिल्याशिवाय भारतातून डिपॉझिट पाठवू नका. पहिल्याच दिवशी ओटा, ओव्हन, गालिचे, भिंतींचे कोपरे यांचे तारखेसह फोटो काढून एजंटाला ईमेल करा. तीस दिवस झाले की तिन्ही योजनांच्या वेबसाइटवर आपल्या पोस्टकोडने आपले डिपॉझिट शोधा. सापडले नाही तर न्यायालय घरमालकाला डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट भरपाई द्यायला लावते, आणि हा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो.