गिऱ्हाईक विचारतंय, ओ कोण देतंय?

जुलै २०२५पासून इन्स्टाग्रामवरच्या व्यावसायिक खात्यांच्या जाहीर पोस्ट गुगलच्या शोधात येऊ लागल्या आणि छोट्या उद्योजकांना मिळणाऱ्या सल्ल्यांचा पूर वाढला. रील करा, हॅशटॅग लावा, रोज काहीतरी टाका. मग नोव्हेंबरात केंद्राने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम अधिसूचित केले आणि त्याच उद्योजकांच्या मनात भीती बसली, की आता अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलणंच गुन्हा ठरणार. सातारा-सांगलीकडच्या धंद्यांचा विचार केला, तर मला दोन्ही गोष्टी दिशा चुकलेल्या वाटतात. आपण कुणाला दिसतोय यावर इतका जीव टाकला जातो, पण आपला माल हवा असलेला माणूस या क्षणी कुठेतरी जाहीरपणे विचारतोय, त्याला शोधून उत्तर द्यायला मात्र कुणी बसत नाही.

कासचं बघा. ऑगस्ट सरत आला की भटकंतीच्या फेसबुक गटांवर एकच प्रश्न फिरू लागतो: फुलं आली का? विचारणाऱ्याला मुक्कामाची सोय लागणारच असते, पण ‘होमस्टे’ हा शब्द त्याच्या वाक्यात नसतो. एकीव, बामणोली, तापोळ्याकडे खोल्या भाड्याने देणारा मात्र शोधताना ‘कास होमस्टे’ असंच टाकतो आणि त्याच्यापुढे येतात त्याच्याच शेजाऱ्यांच्या जाहिराती. नुसतं ‘कास’ टाकलं तर आणखी पंचाईत. गाई-म्हशींच्या विक्रीच्या पोस्टमध्ये जनावराच्या कासेचं वर्णन असतं, तेही सगळं त्यात येतं.

इथे चाळणी लागते. ‘कास पठार’ हे दोन शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातले, की ते जोडीनेच शोधले जातात. त्याला ‘आली का’, ‘सध्या’, ‘कधी जावं’ यांपैकी एखादी जोड द्यायची. ‘पॅकेज’, ‘बुकिंग सुरू’, ‘संपर्क साधा’ हे शब्द वजाचं चिन्ह लावून बाहेर काढायचे, कारण ते विकणाऱ्याचे शब्द आहेत. विचारणारा ते कधी वापरत नाही. गुगल आणि एक्स या दोन्हींवर अवतरण आणि वजा चालतं. एक्सच्या प्रगत शोधात भाषेची आणि तारखेची मर्यादाही घालता येते, गुगललाही अमुक तारखेनंतरचंच दाखव असं सांगता येतं. फेसबुकवर या खुणांचा भरवसा धरू नये. तिथे थेट गटात शिरून आतला शोध वापरायचा आणि अलीकडच्या पोस्ट आधी मागायच्या.

तारखेला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. कासचा बहर काही आठवड्यांचा आणि पुढच्या शनिवारी निघायचं म्हणणाऱ्याचा प्रश्न दोन दिवसांचा. गेल्या हंगामातल्या प्रश्नाला आज उत्तर देणारा माणूस फक्त जाहिरातदार दिसतो. वेळेवर दिलेलं उत्तर असं असावं: ‘तेरडा अजून पुरता आलेला नाही, पाऊस आहे, दहा-बारा दिवसांनी या. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. प्रवेशाचं ऑनलाइन आरक्षण आधी करून ठेवा. मी एकीवचा, माझ्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत, पण नुसतं फुलांचं विचारायचं असेल तरी विचारा.’ यात खोल्यांचा उल्लेख एकदाच येतो आणि तो शेवटी येतो.

मराठीत शोधताना इंग्रजीसाठी लिहिलेले सल्ले निम्मे निरुपयोगी ठरतात. कारण विभक्ती. ‘हळद’ टाकलं तर ‘हळदीचा रंग’ किंवा ‘हळदीत भेसळ’ असं लिहिणारा सापडेलच असं नाही. बरं, ‘हळदी’ टाकावं तर लग्नाच्या हळदीचे पिवळेधमक फोटो समोर. म्हणून ‘लग्न’, ‘समारंभ’, ‘नवरी’ वजा करावे लागतात आणि ‘हळद, हळदीची, हळदीत, हळकुंड’ यांचे वेगवेगळे शोध करावे लागतात. बेदाण्याचंही तेच: बेदाणा, बेदाणे, बेदाण्याचे. त्यात सांगली-तासगावच्या सौद्यात जो बेदाणा असतो, तो पुण्यातल्या स्वयंपाकघरात मनुका होतो आणि इंदूरच्या मराठी घरात किशमिश. यावर रोमन अक्षरांतलं मराठी, तेही ज्याच्या त्याच्या मर्जीनुसार. एकाच मालासाठी दहा-बारा शोध तयार ठेवावे लागतात. ते एकदा नीट बसवले, की रोज सकाळी तेच पुन्हा चालवायला वेळ लागत नाही.

हे शब्द आणायचे कुठून? दुकानात आलेलं किंवा फोनवरचं गिऱ्हाईक जे पहिलं वाक्य बोलतं, ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यावं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पाकिटावर ते ठळक छापलंच पाहिजे. पण ‘मानांकित हळद हवी’ असं कुणी गृहिणी गटावर लिहीत नाही. ती लिहिते, ‘बिनभेसळीची हळद खात्रीने कुठे मिळेल?’ किंवा ‘गावाकडून हळकुंडं आणून दळून देणारं कुणी आहे का?’ ‘खात्रीने’, ‘कुणी आहे का’, ‘सुचवा’, ‘अनुभव सांगा’ हे गरजूचे शब्द. मालाच्या नावापेक्षा या शब्दांनी गिऱ्हाईक लवकर सापडतं.

मिरजेत तर याहून पुढे जावं लागतं. तिथे शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यांना हात घातला आणि सतारमेकर गल्लीत ती कला पिढ्यानपिढ्या टिकली. मंगळवेढा-पंढरपूरच्या पट्ट्यातून भोपळे येतात, त्यांची वाद्यं होतात आणि जगभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं. आता तंबोरा घेणारा माणूस तो आयुष्यात एकदा-दोनदाच घेतो, त्यामुळे ‘तंबोरा विकत हवा’ असा शोध लावून बसलं तर महिनोन्‌महिने हाती काही लागणार नाही. पण तंबोऱ्याच्या अडचणी रोजच्या असतात. जवारी बिघडली. भोपळ्याला चीर गेली. पांढरी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला तारा कोणत्या लावाव्या? विमानातून न्यायचा आहे, बांधायचा कसा? न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मुलीला गाणं शिकवणाऱ्या मराठी आईबापांना असे प्रश्न पडतात आणि ते बहुतेक वेळा इंग्रजीत विचारले जातात. मिरजेच्या कारागिराने शोधायचं ते इथे: अडचणीच्या शब्दांनी, दोन्ही भाषांत. आणि उत्तर म्हणून घोडीवरचा दोरा कसा सरकवायचा हे दाखवणारी दोन मिनिटांची चित्रफीत द्यायची. आज विक्री होणार नाही. पण पुढे जेव्हा नवं वाद्य घ्यायची वेळ येईल, तेव्हा त्या घराला आधी कुणाचं नाव आठवेल, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात मला पुन्हापुन्हा आठवतात ते किर्लोस्करवाडीचे शंकरराव किर्लोस्कर, शंवाकि. त्यांच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण आजच्या विपणनाच्या शिकवण्यांमध्ये परदेशी नावं भरपूर असतात आणि पलूस तालुक्यातला हा माणूस कुठेच नसतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी भीती होती, आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. माल चांगला होता, अडचण गिऱ्हाइकाच्या मनात होती. ती जाणून घेतल्याशिवाय नांगर खपणार नव्हता. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव मूळचे चित्रकार, लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकलेले. कारखान्याच्या जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, कारखान्याने आपल्या गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी बोलण्यासाठी काढलेलं पत्रक. ते नांगरांच्या जाहिरातींपुरतं राहिलं असतं, तर आज कुणाला आठवलंही नसतं. शंकररावांनी त्यात वाचणाऱ्याच्या आयुष्याचे प्रश्न येऊ दिले आणि पत्रकाचं मासिक झालं. १९३०ला ‘स्त्री’ आलं, १९३४ला ‘मनोहर’. नांगर आणि पंप करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून मराठी मध्यमवर्गाची तीन मासिकं निघाली.

माझ्या मते जाहिरातीतला हा सगळ्यात मोठा मराठी धडा आहे. समोरच्याला काय जाणून घ्यायचंय त्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि आपला माल त्याच्या ओघात येऊ दिला. त्यांना हे टपालाने करावं लागलं. आज किर्लोस्करवाडीपासून तासाभराच्या अंतरावरच्या एखाद्या भडंगवाल्याला, गूळवाल्याला तेच काम हातातल्या फोनवर करता येतं, आणि तरीही तो ‘शुभ सकाळ’च्या चित्रावर दुकानाचं नाव छापून पाठवण्यात समाधानी आहे, याचं मला वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपबद्दल एक स्पष्ट करायला हवं. तिथल्या गटांत बाहेरून शोध घेता येत नाही. आपण सदस्य असू तेवढंच दिसतं. पण विटा-खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी बघा. सोन्या-चांदीच्या धंद्यात ही माणसं तमिळनाडू-केरळपासून पंजाबपर्यंत गावोगावी पसरली आहेत आणि गावाकडच्या वस्तूंची ओढ त्यांना कायम असते. परमुलखातल्या मराठी माणसांच्या गटात आपला एखादा नातेवाईक असतोच. त्याने तिथे आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या परवानगीने आपल्याकडे कळवावा, इतकीच अपेक्षा ठेवावी. त्या गटातले सगळे क्रमांक उतरवून घेऊन प्रसारण यादीत टाकणं हा विश्वासघात आहे आणि असं करणारे अनेक आहेत.

आता कायद्याचं. स्वतःहून जाहीर केलेल्या वैयक्तिक माहितीला २०२३चा डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही. कुणी जाहीर पोस्टमध्ये हळद कुठे मिळेल असं विचारलं आणि तुम्ही त्याखाली जाहीर उत्तर दिलंत, तर घाबरण्यासारखं काही नाही. अडीचशे कोटींचा जो आकडा फिरतो, ती माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा आहे, आणि नियमांतली मुख्य बंधनं अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होणार आहेत. पण पार्सलसाठी घेतलेला क्रमांक पुढे दिवाळीच्या सवलतीचे मेसेज टाकायला वापरायचा असेल, तर त्या माणसाला आधी विचारण्याची सवय आतापासून लावून घ्यावी. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक धोरणातही तेच आहे: ज्याने संमती दिली त्यालाच मेसेज. आणि ठरावीक शब्द सापडला की यंत्राने आपोआप उत्तर टाकायचं, हा जो उद्योग काही जण विकतात, तो एक्सच्या स्वयंचलन नियमांत सरळ मना आहे. मला तो नियम अगदी योग्य वाटतो. शोध यंत्राने करावा, उत्तर माणसाने लिहावं.

उत्तराबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली, भाव तिथेच लिहा. ‘किंमत किती?’ या प्रश्नाखाली ‘इनबॉक्स केलंय’ असं लिहिणारे आपलं किती नुकसान करून घेतात! विचारणारा एक असतो, पण वाचणारे बरेच असतात, आणि लपवलेला भाव बघून ते सगळे पुढे सरकतात. दुसरी, आपण विकणारे आहोत हे त्याच उत्तरात स्पष्ट सांगा. मेहुणीच्या खात्यावरून ‘मी यांच्याकडूनच घेते, फार छान’ असं लिहिणं ही फसवणूक आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं ते असल्याच प्रकारांमुळे. गटाच्या ॲडमिनने जाहिरातीला मनाई केली असेल तर उत्तर देण्याआधी त्याला विचारावं. बहुतेक जण उपयोगी उत्तराला नाही म्हणत नाहीत.

प्रश्न उरतो तो माणसांचा. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराने रंधा बाजूला ठेवून रोज तासभर फोनवर शब्द शोधत बसावं, असं मी म्हणणार नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्याला ऐन तोडणीत श्वास घ्यायला वेळ नसतो. पण भौगोलिक मानांकन एकट्यादुकट्या दुकानदाराच्या नावावर होत नसतं; उत्पादकांच्या संघटनेच्या किंवा संस्थेच्या नावावर होतं. मग शोधही संघटनेने का करू नये? मिरज, तासगाव, सांगली, महाबळेश्वर, प्रत्येक ठिकाणी एक पगारी माणूस नेमावा. दोन्ही भाषा नीट लिहिणारी, पदवी घेऊन घरी बसलेली मुलं-मुली या गावांत आहेतच. सकाळी ठरलेले शोध चालवायचे, आलेल्या प्रश्नांना सगळ्यांच्या वतीने खरी माहिती द्यायची आणि मागणी असेल तर ती सदस्यांकडे आळीपाळीने पाठवायची. कुणाकडे काय वळवलं याची वही सगळ्यांना उघडी. प्रश्न एखाद्या सदस्याच्या आवाक्याबाहेरचा असेल, तर ज्याला ते येतं त्याचं नाव सांगायचं, मग तो संघटनेत असो वा नसो. हळदीचा नवा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगलीच्या बाजारात येतो. त्याआधी चार-सहा व्यापारी आणि शेतकरी कंपन्यांनी एकत्र बसून हा एक पगार वाटून घेतला, तर याच हंगामात करून बघता येईल.