गाडी बायकोच्या नावावर करताय? आधी नो क्लेम बोनसचं बघा

मिरजगाव : गाडी घरची, नवरा-बायको दोघंही चालवतात, म्हणून विम्याची सवलतही घराचीच, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा असतो.

वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५०. ही सूट फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर. थर्ड पार्टीचा हप्ता पूर्णच भरावा लागतो. समजा नुकसानीचा हप्ता ८,००० आहे, तर ५० टक्क्यांनी ४,००० वाचले. म्हणून गाडी थोडीफार घासली तर आधी गॅरेजचा खर्च विचारा. बायकोच्या हातून ठोकली अन् क्लेम घेतला, तरी बोनस पॉलिसीवाल्याचाच जातो.

गाडी बायकोच्या नावावर केली, की तिचा बोनस शून्यापासून. नवऱ्यानं कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्यावं. ते तीन वर्षांत त्याच्या दुसऱ्या गाडीला वापरता येतं, पण मोटारसायकलचा बोनस कारला लागत नाही. आरटीओत नाव बदललं अन् विमा जुन्याच नावावर, हे आपल्याकडं सर्रास चालतं. १४ दिवसांत कंपनीला कळवा, नाहीतर आपल्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

मालक वारला अन् गाडी बायकोकडं आली, तर मात्र बोनस तिला मिळू शकतो. वारसाची कागदपत्रं लागतात. पॉलिसी संपून ९० दिवस उलटू देऊ नका, बोनस जातो.