जुन्या कापडाची शुभ्रता

(हाताने विणलेली लेस लावलेली जुनी कापडे पिवळी का पडतात आणि त्यांना इजा न होता ती पुन्हा पांढरी कशी करावीत, याची माहिती या पाठात दिली आहे.)

तुमच्या घरात एखादी जुनी पेटी असेल. तिच्या तळाशी उशीचा अभ्रा, दस्तरखान किंवा रुमाल सापडेल. त्याच्या कडेला क्रोशाच्या सुईने विणलेली नाजूक लेस असेल. कदाचित ती तुमच्या आजीने किंवा नानीने विणली असेल. पण एके काळी पांढरेशुभ्र असलेले ते कापड आता पिवळे दिसते. घड्यांवर तपकिरी रेघा उमटलेल्या असतात. असे कापड कोणी टाकून देतात, तर कोणी ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवतात. हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत.

क्रोशाचा प्रत्येक टाका हातानेच घालावा लागतो. आपल्या नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तेथील नरसापूर हे गाव अशा लेससाठी प्रसिद्ध आहे. लेसचे टाके एकमेकांत गुंतलेले असतात. एक धागा तुटला, की शेजारचे टाकेही सुटू लागतात. म्हणून लेसचे कापड धुताना फार जपावे लागते.

कापड पिवळे का पडते? कापूस वनस्पतीपासून मिळतो. लिननचे कापडही जवसाच्या खोडातील धाग्यांपासून बनते. या धाग्यांत सेल्युलोज असते. हवेतील ऑक्सिजनमुळे त्यात हळूहळू बदल होतो आणि पिवळे पदार्थ तयार होतात. कापडात राहिलेला साबण, खळ आणि घाम हेही डाग पाडतात. लाकडातील आणि जुन्या कागदातील आम्ल लागले, तर कापड अधिक लवकर पिवळे पडते.

पूर्वी कापड पांढरे करण्याचे काम सूर्य करत असे. सतराव्या शतकात नेदरलँड्समधील हार्लेम शहराजवळ लिननचे लांब पट्टे गवतावर पसरत. त्यांवर पाणी शिंपडत. मधूनमधून ते आंबट ताकात भिजवत. या कामाला काही महिने लागत. 1774 मध्ये शील या शास्त्रज्ञाने क्लोरीन वायू तयार केला. 1785 च्या सुमारास फ्रान्सचे बर्थोले यांनी त्याचा उपयोग कापड पांढरे करण्यासाठी केला. पुढे 1799 मध्ये स्कॉटलंडचे टेनंट यांनी ब्लीचिंग पावडर तयार केली. महिन्यांचे काम आता थोड्या दिवसांत होऊ लागले. पण क्लोरीन डागांबरोबर धाग्यावरही हल्ला करतो. नवे, जाड कापड तो मार सहन करते. जुन्या लेसचा धागा मात्र कमजोर होऊन तुटतो.

मग काय करावे? प्रथम कापड उजेडात धरून पाहा. कोठे विरलेले किंवा फाटलेले असेल, तर ते आधी हलक्या हाताने शिवून घ्या. कापड रेशमी किंवा लोकरी असेल, तर पुढील उपाय त्याला चालणार नाही. सुती किंवा लिननचे कापड मलमलच्या पिशवीत घालून थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. पाणी पिवळे होईल. ते बदला. स्वच्छ पाण्यातच बराच पिवळेपणा निघून जातो.

त्यानंतर सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात कापड हलकेच दाबून धुवा. घासू नका, पिळू नका, आपटू नका. तरीही पिवळेपणा राहिला, तर सोडियम परकार्बोनेट असलेली पावडर वापरा. ती पाण्यात विरघळली, की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते पिवळ्या पदार्थांचा रंग घालवते. पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळा. आधी एका कोपऱ्यावर प्रयोग करून पाहा. प्लास्टिकची बादली घ्या, लोखंडाची नको. लोखंडामुळे धाग्याला इजा होते. हातमोजे घाला आणि हे काम घरातील मोठ्या माणसांसमोर करा. ब्लीचिंग पावडरमध्ये लिंबू किंवा दुसरे आम्ल कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आता कापड चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यातून काढा. ओले कापड जड होते. ते लेसला धरून उचलाल, तर लेस स्वतःच्याच भाराने फाटेल. म्हणून कापडाखाली टॉवेल घालून ते उचला. पांढऱ्या चादरीवर सपाट पसरा आणि लेसची टोके बोटांनी नीट करा. ओल्या कापडाला एक-दोन तास ऊन द्या. अनेक दिवस उन्हात ठेवू नका, कारण ऊनही धागा कमजोर करते.

काही लोक नीळ घालतात. निळीमुळे पिवळेपणा जात नाही. निळ्या छटेमुळे तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

कापड ठेवताना खळ लावू नका; तिच्यामुळे कसर लागते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. धुतलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. वर्षातून एकदा घड्या बदला.

एवढे करूनही थोडी पिवळसर झाक राहील. ती राहू द्या. झाक राहिली म्हणून काही बिघडत नाही. पण ज्या हातांनी लेस विणली, ते हात कदाचित आज नसतील. तुटलेली लेस मग कोण विणून देणार?

शब्दार्थ
शुभ्र – स्वच्छ पांढरे
इजा – नुकसान
खळ – कापड कडक करण्यासाठी लावलेली पेज
कसर – कापड व कागद खाणारा किडा
झाक – हलकी छटा

स्वाध्याय
1. कापड पिवळे पडण्याची तीन कारणे लिहा.
2. जुन्या लेसला ब्लीचिंग पावडर का चालत नाही?
3. ओले कापड उचलताना कोणती काळजी घ्यावी?
4. घरातील मोठ्या माणसांकडून एखाद्या जुन्या कापडाची माहिती मिळवा व पाच वाक्ये लिहा.